कॉफीबरोबर काय काय जातं

माझे यजमान कॉफी पितात असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते कॉफी शिकवतात. पिणं मधूनमधून होतं.

त्यांचं नाव फव्वाज. थोरल्या मुलाच्या नावावरून ते अबू रकान, म्हणजे रकानचे वडील, आणि मी उम्म रकान, त्याची आई. पण जॉर्डनमधलं आमचं अख्खं सल्त गाव त्यांना उस्ताद म्हणतं, मग मीसुद्धा तेच म्हणते. सकाळी सरकारी शाळेत इंग्रजी, आणि दुपारनंतर बेकरीच्या वरच्या खोलीत शिकवणी, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. या डोंगरावरची निम्मी पोरं तौजीहीच्या, म्हणजे बारावीच्या परीक्षेआधी त्या खोलीत बसून गेलेली आहेत. खालून गरम पावाचा वास येतो, वरून उस्तादांचा आवाज खाली येतो. बेकरीवाला सांगतो की एवढ्या वर्षांत त्यालाही निम्मं इंग्रजी आलं, फक्त कुठलं निम्मं ते कळत नाही.

उस्तादांचं म्हणणं असं की शब्द एकटा पाठ करूच नये. एकटा शब्द परक्या गावात उतरलेल्या माणसासारखा, कोणाच्या घरचा ते कळत नाही. तो कोणाबरोबर उठतो-बसतो ते आधी विचारा. म्हणून वर्षाच्या पहिल्या दिवशी ते टेबलावर थर्मास ठेवतात आणि मुलांना विचारतात, "बोला, कॉफीबरोबर काय काय जातं?"

मग सुरू. हॉट कॉफी, ब्लॅक कॉफी, वीक कॉफी. इन्स्टंट कॉफी म्हणताना तोंड वाकडं करायचं, हा नियम. कडक असेल तर स्ट्राँग. कोणीतरी हुशार पोरगा दरवर्षी विचारतोच, "उस्ताद, पॉवरफुल का नाही? ताकद तर दोन्हीत आहे."

"मनसफच्या मटण-भातावर दह्याचाच रस्सा का घालतो रे आपण? टोमॅटोचा का नाही?"

"शी! मनसफवर टोमॅटो?"

"मग इंग्रजालाही तसंच शी वाटतं. का ते विचारू नकोस. जातं म्हणून जातं."

पुढे करायची ती मेक, ओतायची ती पोअर, सांडायची ती स्पिल. आणि सगळ्यात शेवटी, हात वर करून, डोळे मिटून, "अ सिप ऑफ कॉफी!" असं म्हणत ते खरोखरचा एक घोट घेतात आणि अख्खा वर्ग त्यांच्याबरोबर "आऽह!" करतो. कॉफी जमली की त्याच रस्त्याने पाऊस, चूक, निर्णय, सगळ्यांचे सोबती जमतात. निकाल लागतात तेव्हा मुलं मिठाई घेऊन येतात, आणि दारातच "आऽह!" करतात.

ही सगळी कॉफी मी करते. पहाटेची नमाज झाली की वेलची कुटायची, पाणी ठेवायचं, तीनदा उकळी येऊ द्यायची, थर्मास भरायचा. त्यांच्या त्या सगळ्या शब्दांच्या वरातीत करण्याचं क्रियापद होतं, करणारी मात्र कुठे नव्हती. ते त्यांचा कप बोलता बोलता संपवायचे. कोणी केली, कशी झाली, काही नाही, बोलणं चालूच. माझा कप ओट्यावर. डबे भरून, अंथरुणं आवरून, कोंबड्यांना दाणे टाकून मी त्याच्याकडे वळेपर्यंत तो गार. आयुष्यभर मी कोल्ड कॉफीच प्यायले, आणि ती बर्फ घातलेली नव्हे.

तक्रार म्हणून सांगत नाही. बरं, तक्रार म्हणूनच सांगते. पण मूळ गोष्ट उसैदची आहे.

उसैद माझ्या दिराचा मुलगा. दीर अचानक गेले तेव्हा पोर शाळेत जाणारं होतं. जाऊबाई नहला आणि तो आमच्याच वरच्या मजल्यावर राहिले, त्यामुळे रकानच्या शेजारी याचंही ताट वाढत मी त्याला मोठा केला. आता तो खालच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गरीब स्वभावाचा, जीव लावणारा पोरगा. हाजा फिद्दा नावाच्या एक म्हाताऱ्या बाई दुकानात चष्मा करायला आल्या, बरोबर त्यांची नात शुरूक. शुरूक बालवाडीत शिकवते. म्हातारीचा चष्मा नाकावर नीट बसेना. तो बसवायला त्यांना सात-आठ फेऱ्या माराव्या लागल्या. एवढा बिघडलेला चष्मा या गावात आजवर कोणी पाहिलेला नाही.

शुरूकची आई लहानपणीच गेली, तिला वडिलांच्या आईने, या हाजा फिद्दांनीच वाढवलं. मुलगी गोड, आजी प्रेमळ. घोडं पेंड खात होतं ते बापापाशी. हाजी मुफलेह. ऑलिव्हच्या बागा, दोन तेलाच्या घाण्या आणि बोलणं मोजकं. नाकावर माशी बसू देणार नाही असा माणूस. नहलाने माणसाकरवी विचारून बघितलं, तर एवढंच उत्तर आलं: "येऊ देत. माणसं बघू."

आता आमच्याकडे बहुतेक जाहा म्हणजे नाटक असतं. जाहा म्हणजे मुलाकडच्या पुरुषमंडळींनी मिळून मागणी घालायला जाणं. आतून सगळं आधीच ठरलेलं असतं. मुलीकडचे कॉफी देतात, जाहाचा म्होरक्या ती समोर ठेवतो, पीत नाही. तो मागणी घालतो, मुलीचा बाप म्हणतो, "कॉफी प्या, मुलगी तुमची," आणि मग सगळे पितात. मागणी मान्य होईपर्यंत त्या कॉफीला ओठ लावायचा नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याआधीच प्यायलात, तर त्याचा अर्थ एकच: तुम्हाला काही मागायचं नाही, नुसते भेटायला आलात.

पण हाजी मुफलेहच्या घरी नाटक नव्हतं. त्याने आदल्या वर्षी एक जाहा खरोखर परत पाठवली होती. मुलाकडची माणसं बैठकीत मोबाइल बघत हसत होती म्हणे. याने काहीच उत्तर दिलं नाही, कॉफी समोर तशीच गार होऊ दिली. शेवटी ती माणसं चपला शोधत निघून गेली. "ज्यांना मागता येत नाही त्यांना मुलगी सांभाळता कशी येणार?" एवढंच तो नंतर बोलला. तेव्हा उसैदचं सगळं त्या एका बैठकीवर होतं. शुरूकने त्याला साफ सांगितलं होतं की बाबांच्या शब्दाबाहेर ती जाणार नाही, आणि बाबा शब्द फिरवत नाहीत.

म्हणून नहलाने माजी मंत्री ठरवला. आमच्याकडे जाहाला माजी मंत्री लागतोच. शेजाऱ्यांकडे आला होता, मग आपल्याकडे का नको? तिने कोणाच्या तरी मेव्हण्याकडून एक मिळवला, आणि तो येणार हे गल्लीभर सांगूनही झालं. जाहाच्याच दिवशी, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर त्याचा निरोप आला की इरबिदच्या जाहात त्याचं ब्लडप्रेशर वाढलंय आणि करकच्या जाहालाही तो आता जाऊ शकत नाही. आमची तर तिसरी.

नहलाने छातीवर हात मारून घेतला. "आता कोण बोलणार? मोठे चुलते बहिरे! त्यांच्या धाकट्याचं आणि हाजीचं तेलघाणीवरून वाजलेलं! आता कोण?"

सगळे हळूच उस्तादांकडे बघायला लागले. आवाज आहे, वय आहे, केस पांढरे आहेत. उस्तादांनी घसा खाकरला. मला मात्र घाम फुटला.

"हे बघा," मी त्यांना जिन्यात गाठलं, "कॉफी समोर येईल. तिला हात लावायचा नाही."

"उम्म रकान, तू मला शिकवतेस? मी किती जाहांना गेलोय!"

"मागच्या रांगेत बसून बक्लावा खायला गेलायत. म्होरक्या म्हणून कधी गेलायत?"

"लोक काय म्हणतील, बायको जिन्यात शिकवणी घेते!"

मी तरीही निघताना त्यांना दोन कप कॉफी जबरदस्तीने पाजली, म्हणजे तिथे तल्लफ नको. ती त्यांनी उभ्या उभ्या, भाषणाचा सराव करत संपवली. भाषण झकास होतं. त्यात चंद्र होता, खजुराचं झाड होतं, दोन घराण्यांचे पूर्वज होते.

पुरुषांच्या मागून आम्ही बायकाही गेलो. त्यांची बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ताटं सरकवायला एक लहानशी खिडकी आहे, तिला पडदा. पडद्याला एक भोक. मी आणि नहला त्या भोकापाशी, आणि शुरूक चुलीजवळ दल्ल्यात, म्हणजे लांब चोचीच्या किटलीत, कॉफी गाळत होती. हाजा फिद्दा स्टुलावर बसून तसबीहची जपमाळ ओढत होत्या, नाकावर तो सुप्रसिद्ध चष्मा.

"खाला, उस्तादांना कसली जास्त आवडते, वेलची की..." शुरूक मला विचारत होती. तीही त्यांच्या मुलींच्या वर्गात शिकलेली.

"आज त्यांना कसलीच आवडत नाही," मी म्हटलं. "आज ते फक्त बघणार."

शुरूकचा धाकटा भाऊ जरीर कॉफी घेऊन बैठकीत गेला. हा जरीर आता पोलिसात आहे. उस्तादांकडे इंग्रजीत दोनदा नापास झालेला, आणि अजून त्यांच्यावर जीव टाकणारा. त्याने पहिलं फिंजान भरून उस्तादांना दिलं. आमची ती कडू कॉफी, बिनकानाच्या चिमुकल्या कपात, तळाला घोटभरच. उस्तादांनी ते उजव्या हाताने घेतलं, आणि समोरच्या तिवईवर अलगद ठेवून दिलं. सगळी बैठक गंभीर झाली. हाजी मुफलेहने मान किंचित हलवली. माझा जीव भांड्यात पडला. मी नहलाच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात हाजी म्हणाला, "जरा थांबू. माझे थोरले भाऊ येतायत, वाटेत आहेत."

आणि घात झाला तो त्या थांबण्यात. पंचवीस-तीस पुरुष गप्प बसले. बाहेर तेलघाणीची घरघर, आत कोणाचा तरी खोकला. ती शांतता जरीरला सोसवेना. त्याने दल्ला हातात धरून, लाडात येऊन विचारलं, "उस्ताद, आठवतंय का? कॉफीबरोबर काय काय जातं?"

बैठकीतली निम्मी माणसं उस्तादांचे जुने विद्यार्थी. आमच्याकडचे, त्यांच्याकडचे, सगळेच. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "हॉट कॉफी!" दुसरा म्हणाला, "ब्लॅक!" एका टक्कल पडलेल्या माणसाने इन्स्टंट म्हणून तोंड वाकडं केलं. उस्तादांचा चेहरा असा फुलला की मला तिथेच कळायला हवं होतं.

"नको, नको, नको," मी पडद्याआड पुटपुटायला लागले.

"मेक!" बैठक म्हणाली. "पोअर! स्पिल!"

उस्तादांनी एक हात वर केला. डोळे मिटले. दुसरा हात आपोआप तिवईकडे गेला. "अ सिप..." उस्ताद म्हणाले, आणि फिंजान एका घोटात रिकामं.

"आऽह!" अर्धी बैठक म्हणाली, आणि उरलेल्या अर्ध्या बैठकीचे चेहरे बघून तिथल्या तिथे गप्प झाली.

उस्तादांनी डोळे उघडले. हातातल्या रिकाम्या फिंजानाकडे पाहिलं. मग ते त्यांनी इतकं हळू खाली ठेवलं, की जणू हळू ठेवलं तर आतली कॉफी परत येईल.

"सहतैन, उस्ताद," हाजी मुफलेह म्हणाला. कोणी काही प्यायलं की आम्ही म्हणतो तसं. एवढंच. मग तो शेजारच्या माणसाकडे वळला. "यंदा ऑलिव्ह बारीकच आहे. पाऊस कमी."

झालं. म्हणजे काही झालंच नाही, आम्ही मागायला आलोच नव्हतो, नुसते भेटायला आलो होतो. मी भोकातून उसैदकडे पाहिलं. पोरगा दाराजवळच्या खुर्चीत नवा कोट घालून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं होतं. पण काकांकडे त्याने रागाने पाहिलं नाही. उलट त्यांना धीर द्यावा तसा तो जरासा हसला. ते हसू बघून मला भडभडून आलं.

नहलाने माझा दंड पिरगाळला. "तुझा नवरा! तुझा नवरा!"

"माहीत आहे मला माझा नवरा आहे! दंड सोड!"

उस्ताद उठून उभे राहिले. "हाजी, चूक माझी. हे मी सवयीने..."

"बसा उस्ताद," हाजी शांतपणे म्हणाला. "पाहुणा आहात. पाहुण्याची चूक नसते. जाहा असती तर कॉफी समोर असती." आणि पुन्हा ऑलिव्ह.

चुलीपाशी शुरूक आधी हसली. तोंडावर ओढणी दाबून खांदे हलेपर्यंत हसली. "खाला, तो शेवटचा घोट! आम्ही वर्गात त्याची वाट बघायचो!" आणि हसता हसता रडायला लागली. "आता नाही ऐकायचे बाबा. झालं आता."

मी तिला जवळ घेतलं. एवढी वर्षं मी त्या माणसाला कॉफी करून घातली, तीच आज माझ्या पोराच्या आड आली, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि मग शुरूक एकदम माझ्यापासून दूर झाली. डोळे पुसून पडद्याच्या भोकाशी गेली.

"खाला, उस्तादांनी फिंजान हलवलं का?"

"अं?"

"पिऊन झाल्यावर. हलवलं का?"

मी आठवून पाहिलं. आमच्याकडे पुरे झालं असेल तर फिंजान बोटांत धरून दोनदा हलवून परत द्यायचं. हलवलं नाही तर ओतणाऱ्याने पुन्हा भरलंच पाहिजे. पाहुण्याचं न हलवलेलं फिंजान रिकामं राहिलं की यजमानाची अब्रू गेली. आणि उस्तादांनी? उस्तादांनी ते घाबरून तसंच खाली ठेवलं होतं. आणि जरीर? तो मूर्ख दल्ला हातात धरून भिंतीला चिकटून उभा होता.

"नाही हलवलं!" मी म्हटलं.

"आजी!" शुरूक वळली. पण आजी स्टुलावर नव्हत्याच. हाजा फिद्दांनी सगळं ऐकलं होतं. तसबीह मनगटाला गुंडाळून त्यांनी चुलीवरचा दुसरा दल्ला उचलला, आणि त्या वयाची बाई पुरुषांच्या बैठकीत सरळ शिरली. ऐंशीच्या पुढच्या आजीला कुठे जायची मनाई असते?

"मुफलेह!"

हाजी मुफलेह उभा राहिला. सगळी बैठक उभी राहिली.

"तुझ्या बापाच्या या बैठकीत पाहुण्याचं फिंजान न हलता रिकामं पडलंय, आणि तू ऑलिव्ह मोजतोस? आणि हा गाढव," हे जरीरला, "दल्ला घेऊन फोटो काढायला उभा आहे?"

हाजीने तिवईकडे पाहिलं. त्याचा चेहरा खरोखर पडला. रीतभात हा ज्याचा धर्म, त्याच्याच घरात हे झालं होतं. "यम्मा, माझं लक्ष..."

"लक्ष ठेव." हाजा फिद्दांनी उस्तादांचं फिंजान भरलं, स्वतः वाकून त्यांच्यासमोर ठेवलं, आणि त्यावर आपला हात झाकणासारखा धरला. चष्म्यातून उस्तादांकडे बघत म्हणाल्या, "आणि तू, पोरा. हात मागे."

उस्तादांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. खरंच, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. बैठकीत कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, हाजीसुद्धा ओठांच्या एका कोपऱ्यातून हसला. मग तो म्हणाला, "तुमच्याकडून एक चूक, आमच्याकडून एक. बोला उस्ताद. आता कॉफी समोर आहे."

मला वाटलं, आता चंद्र येणार, खजूर येणार. पण त्यातलं उस्तादांनी काहीच काढलं नाही. बोलले तेव्हा आवाज त्यांचा नव्हताच, घरात आजारी माणसाजवळ बोलतात तसा होता.

"भाषण होतं माझ्याकडे. विसरलो. हाजी, मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो, कशाबरोबर काय जातं. का जातं, ते मला अजून कळलेलं नाही. पोरं विचारतात तेव्हा मी मनसफचं काहीतरी सांगून सुटतो. हा माझ्या भावाचा मुलगा. भाऊ असता तर आज इथे तो उभा असता आणि कॉफीही त्याने नीट सांभाळली असती. हा पोरगा फार बोलत नाही. मघाशी मी त्याचं वाटोळं केलं, तर तो माझ्याकडे बघून हसला, मला वाईट वाटू नये म्हणून. तुमची मुलगी आणि हा, ही दोघं एकमेकांबरोबर जातात. एवढंच मला सांगता येतं. तिचा हात याच्यासाठी मागतो."

मग ते खाली बसले. हात अजून मागेच.

फिंजानातून बारीक वाफ येत होती. मी त्या वाफेकडे बघत होते, नहला बघत होती, बैठकीतला प्रत्येक पुरुष बघत होता. ती विरळ झाली. हाजी मुफलेह उसैदकडे बघत होता, बराच वेळ, चष्मा तपासावा तसा. हाजा फिद्दा मध्येच उभ्या.

"गार होतेय," त्या म्हणाल्या.

हाजीने श्वास सोडला. "या घरात एकदा गार झाली, ती पुरे. प्या उस्ताद. कॉफी प्या. मुलगी तुमची."

आता बघा. एवढं झाल्यावर माणसाने काय करावं? प्यावी ना? उस्ताद पिईनात. हात मागेच. हाजीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, विश्वास बसेना. मग त्यांनी मान वळवून सरळ पडद्याकडे, त्या भोकाकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं मी तिथे आहे. आणि मी, बाई माणूस, पुरुषांच्या भरल्या बैठकीत, आतून ओरडले, "प्या हो आता! प्या!"

हास्याचा एकच कल्लोळ झाला. हाजीचे थोरले भाऊ त्याच क्षणी दारात आले, आणि ते आपल्यालाच हसतायत असं त्यांना वाटलं. नहलाने जीभ नाचवून ललकारी दिली, ती मी आणि शुरूकने उचलली. उसैद काकांच्या गळ्यात पडला. उस्ताद कॉफी प्यायले, एका शब्दाशिवाय, आणि मग त्यांनी फिंजान दोनदा, चांगलं जोरात, सगळ्यांना दिसेल असं हलवलं.

लग्न वसंतात झालं. माजी मंत्री जेवायला आले होते, मनसफ तीनदा घेतला.

हे सगळं सल्तभर व्हायला कितीसा वेळ लागतो? आता शिकवणीत "अ सिप" म्हणून उस्ताद हात वर करतात, डोळे मिटतात, आणि थांबतात. मग अख्खा वर्ग ओरडतो, "प्या उस्ताद, मुलगी तुमची!" तेव्हाच ते पितात. बेकरीवाला म्हणतो, एवढं मात्र त्याला पूर्ण कळतं.

पण घरातलं मी कोणाला सांगितलेलं नाही. लग्नानंतर एका सकाळी मी नेहमीसारखा त्यांचा कप समोर ठेवला आणि ओट्याकडे वळले. मागे नेहमीची बडबड ऐकू येईना. वळून पाहिलं, तर उस्ताद कपाला हात न लावता बसलेले.

"काय झालं? साखर पडली का?"

"नाही. मागणी आहे."

"सकाळी सकाळी? कामं पडलीत माझी. बोला लवकर."

"तुझा कप घेऊन ये," ते म्हणाले. "इथे बस. तोवर मी पिणार नाही."

"डबे कोण भरणार?"

"मी भरीन नंतर. उम्म रकान, गार होतेय."

कोंबड्या ओरडत होत्या. मी माझा कप उचलला, त्यांच्यासमोर जाऊन बसले. दोघांच्या कपांतून वाफ येत होती. मला उगाचच डोळ्यांत पाणी आलं, ते मी वेलचीवर ढकललं.

"प्या," मी म्हटलं. आणि त्यांच्याबरोबर मीही प्यायले. चांगली चटका बसण्याइतकी गरम होती.